जर्मन रुग्णालयाची मुलाखत: आधी मधली इंग्रजी काढून टाका

पहिल्या मुलाखतीत मला विचारलं, “तुमच्या वॉर्डात खाटा किती होत्या?” बत्तीस. रोज सकाळी ओव्हर (आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा) घेताना त्या खाटांमधून फिरायचे, झोपेतही सांगितलं असतं. पण डोक्यात ‘बत्तीस’चं आधी ‘थर्टी टू’ झालं, थर्टी टूचं जर्मन करताना आकडे उलटे पडले आणि तोंडातून निघालं ‘ड्रायउंडत्स्वान्त्सिश’. म्हणजे तेवीस. समोरच्या बाईंनी तेवीस लिहून घेतलं. पुढचा प्रश्न कळला नाही, मी ‘या, या’ (हो, हो) म्हणत मान हलवली. त्याच्या पुढचाही कळला नाही, तिथेही ‘या’. आठवड्याने नकार आला.

नकार तेविसामुळे नव्हता. भरती एजन्सीतल्या मुलीने नंतर सांगितलं, रुग्णालयाचं म्हणणं होतं, ‘हिला कळत नाही तेव्हा ही विचारत नाही.’ वॉर्डात अशी नर्स त्यांना धोक्याची वाटते, आणि आज मी त्याच बाजूला काम करताना मलाही वाटते.

मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, महाराष्ट्रात एका खासगी दवाखान्याच्या सर्जरी वॉर्डात काम केलेली, आता जर्मनीत मेडिसिन वॉर्डात आहे. रविवारी इकडे येऊ पाहणाऱ्या मैत्रिणींच्या, त्यांच्या मैत्रिणींच्या सराव मुलाखती घेते. तिथे पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. भाषेची परीक्षा तुम्ही दिली आहे किंवा देणार आहात (आपलं नर्सिंगचं शिक्षण तिथे मान्य व्हायला साधारणपणे बी-२ ही पातळी लागते) असं धरून चालते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून चौकशी करणारे वाढले आहेत. पण मुलाखत सरकारी वाटेने असो की एजन्सीच्या, कॅमेऱ्यापलीकडे बसणारी माणसं तीच असतात. एक नर्सिंगची प्रमुख, बहुतेकदा एक वॉर्डची इन्चार्ज, आणि कधी कधी कार्यालयातलं कोणीतरी.

सुरुवात: वही दोनच रकान्यांची

दीड महिना हातात ठेवा. नवी वही घ्या, डावीकडे मराठी, उजवीकडे जर्मन. इंग्रजीचा रकाना नको. आपण नर्सिंग इंग्रजीत शिकलो, जर्मनही बहुतेक जणी इंग्रजी अर्थ लिहून शिकतात, त्यामुळे मुलाखतीत डोकं दोन पुलांवरून जातं. त्यातला एक पूल विनाकारण आहे. जर्मन वाक्य बऱ्याच ठिकाणी मराठीच्याच वळणाचं आहे, आणि हे वर्गात कोणी सांगत नाही.

‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. त्याच्या पुढे क्रियापद शेवटी जातं म्हणून सगळे घाबरतात. पण ‘कारण मी सर्जरी वॉर्डात काम केलेलं आहे’ यात क्रियापद कुठे आहे? शेवटीच. ‘वाइल इश आउफ डेर शिरुर्गी गेआर्बाइटेट हाबं’: मी, वॉर्डात, काम केलेलं, आहे. शब्दावर शब्द बसतो. ‘मी तीन वर्षांपासून काम करते’ हे मराठीत वर्तमानकाळात, जर्मनमध्येही वर्तमानकाळात: ‘इश आर्बाइटं झाइट ड्राय यारन’. इंग्रजीतून गेलात की ‘हॅव बीन’ आडवा येतो आणि वाक्य भूतकाळात जातं. समोरच्याला वाटतं, हिने नोकरी सोडलेली दिसते. ‘मला थंडी वाजते’, ‘मला शब्द सुचत नाही’ यातला ‘मला’ जर्मनमध्येही तसाच येतो: ‘मिअर’. आपण-तुम्ही-तू कळणाऱ्या माणसाला ‘झी’ (तुम्ही) आणि ‘डू’ (तू) वेगळं शिकवावं लागत नाही. मुलाखतीत शेवटपर्यंत ‘झी’, समोरून कितीही हसून बोलले तरी.

तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. शब्दागणिक लिंग जुळत नाही, ते पाठच करायचं. पण मुलाखतीत पुल्लिंगी ‘डेर’च्या जागी स्त्रीलिंगी ‘डी’ गेल्यामुळे कोणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

उच्चारातही एक मदत घरातच आहे. जर्मन ‘त्स’ म्हणजे चमच्यातला ‘च’, चहातला नव्हे. ‘त्सिमर’ (खोली), ‘त्सुकर’ (साखर) हे चमच्याच्या ‘च’ने म्हणून बघा. आणि ‘झी’चा झ झाडातला, झेंड्यातला नाही.

आकडे: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

वॉर्डात आकड्याची चूक म्हणजे औषधाची चूक, म्हणून मुलाखत घेणारे आकड्यांवर कान ठेवून असतात. बत्तीस म्हणजे ‘ब’ आणि ‘तीस’, दोन आधी, तीस नंतर. जर्मन ‘त्स्वायउंडड्रायसिश’ही तसंच, दोन आणि तीस. पंचेचाळीस, सदुसष्ट, ब्याऐंशी, सगळे त्याच क्रमाने. आकडा मराठीत मनात आणा आणि ऐकू येतो त्याच क्रमाने जर्मनमध्ये सांगा.

एक खड्डा मात्र आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत आपण पुढच्या दशकातून एक वजा करतो. जर्मन तसं करत नाही, ते ‘नऊ आणि वीस’, ‘नऊ आणि तीस’ असंच म्हणतात. नव्व्याण्णव मात्र पुन्हा त्यांच्यासारखा. एकोणचाळीस नेमका तापाचा आकडा आहे, म्हणून तेवढे ‘एकोण’वाले वेगळे घोटून घ्या.

वेळेचंही असंच. ‘हाल्प ड्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. आपला ‘अडीच’ शब्दही मुळात ‘तिसरा अर्धा’ असाच आहे, दीड म्हणजे ‘दुसरा अर्धा’. दीड-अडीचपुढे आपण ‘साडे’कडे वळलो, जर्मन तसेच पुढे गेले. ‘हाल्प एल्फ’ म्हणजे साडेदहा. एका मैत्रिणीने मुलाखतीची वेळच यात चुकवली आणि तासभर उशिरा लिंक उघडली.

मोजमापंही बदलतात. ताप सेल्सिअसमध्ये सांगायचा. आपला १०१ फॅरनहाइट म्हणजे तिकडचा ३८.३, आणि तो ‘अडतीस कॉमा तीन’ असा म्हणायचा, पॉइंट नाही. बीपी ‘१२० त्सू ८०’. साखर पश्चिमेकडच्या राज्यांत आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये, पूर्वेकडे मिलिमोलमध्ये. तिथला १० म्हणजे आपला १८०. मुलाखत पूर्वेकडच्या लाइपझिगची असेल तर हे ठाऊक असलेलं बरं.

सरावाला पैसे लागत नाहीत. बसची पाटी, मोबाइल नंबर, दुधाचं बिल, जे दिसेल ते जर्मनमध्ये म्हणायचं. पंधरा दिवसांत जीभ वळते.

स्वतःची ओळख: एजन्सीची पीडीएफ बंद करा

‘एर्त्सेलन झी एत्वास ऊबर झिश’, स्वतःबद्दल थोडं सांगा. पहिला प्रश्न बहुतेक हाच. एजन्सी याचं तयार उत्तर देते. ‘जर्मनी हा सुंदर देश आहे, इथली आरोग्यव्यवस्था प्रगत आहे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे.’ त्या दिवशी त्या बाईंसमोर आठ उमेदवार असतील तर आठ जणी हेच म्हणतात. आठव्या वेळी त्या मधेच तोडून वेगळं काहीतरी विचारतात, आणि पाठांतराची गाडी रुळावरून घसरते.

दोन मिनिटांची ओळख अशा गोष्टींवर बांधा, ज्या तुम्हाला आठवाव्या लागत नाहीत. कुठे शिकलात, किती वर्षं. वॉर्ड कोणता, खाटा किती, एका पाळीत नर्स किती, कोणते पेशंट जास्त. सकाळच्या पाळीत सातपासून दुपारपर्यंत काय काय करता. एवढं सांगितलं तरी पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात, म्हणजे मुलाखत तुमच्या ओळखीच्या रस्त्यावर राहते. पूर्ण वाक्यं पाठ करू नका, दहा शब्दांची साखळी ठेवा आणि दर वेळी वेगळी वाक्यं करून बोला. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. कंटाळा आला की समजायचं, बसतंय.

नावाचं आधीच बघून घ्या. जर्मन वाचनात ‘जे’चा ‘य’ होतो आणि ‘व्ही’चा ‘फ’. जाधव बाईंना ‘फ्राउ याडहाफ’ अशी हाक येईल, वैशालीची ‘फायशाली’ होईल. आपल्यालाच बोलावताहेत हे ओळखायची तयारी ठेवा आणि बरोबर उच्चार हसून एकदा सांगा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव कागदांवर वेगळं असेल तर त्याबद्दलचं एक वाक्य तयार हवं, कारण ते विचारतातच.

‘जर्मनीच का’ याला खरं उत्तर द्या. पगार हे कारण लपवायची गरज नाही, पण ते एकटं ठेवू नका. रुग्णालय कोणत्या गावात आहे, तिथे कोणते विभाग आहेत, हे त्यांच्या संकेतस्थळावर अर्धा तास बसून वाचा. ‘तुमच्याकडे स्ट्रोकचा वेगळा विभाग आहे असं वाचलं, तो बघायची इच्छा आहे’ हे एक वाक्य सुंदर देशापेक्षा जड पडतं.

मावशींचं काम तुम्ही करणार का?

हा प्रश्न या शब्दांत कोणी विचारत नाही, पण मुलाखतीचा गाभा हाच आहे. आपल्याकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी आणि मामा. नर्सकडे इंजेक्शन, सलाइन, फाइल. जर्मनीत नातेवाईक भेटायच्या वेळी येतात आणि जातात. पेशंटचं अंग पुसणं, तोंड स्वच्छ करणं, कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं हे नर्सचंच काम आहे. त्याला ‘ग्रुंडफ्लेगं’ म्हणतात आणि ते कमीपणाचं मानलं जात नाही. उलट शिरेत सुई लावणं अनेक ठिकाणी डॉक्टर करतात. त्यामुळे ‘मी आयव्ही लावण्यात पटाईत आहे’ असं अभिमानाने सांगितलं की समोरचा चेहरा कोरा राहतो.

मग ते काय विचारतात? ‘पेशंट अंग धुवायला नकार देतो, काय कराल?’ आपलं पहिलं उत्तर, ‘समजावून सांगेन.’ पुन्हा नाही म्हणाला तर? ‘पुन्हा समजावेन.’ त्यांना हवं असतं ते थोडं वेगळं. कारण विचारेन, दुखतंय का, लाज वाटतेय का. थोड्या वेळाने पुन्हा विचारेन किंवा फक्त चेहरा-हात धुऊ का असं सुचवेन. तरी नको म्हणाला तर त्याचा निर्णय मानेन, नोंद करेन, पुढच्या पाळीला सांगेन. जबरदस्ती नाही आणि नोंद न करणंही नाही.

दुसरा नेहमीचा: ‘पेशंट पडला आहे.’ लगेच उचलायचं नाही. जवळ जायचं, शुद्धीत आहे का बघायचं, मदतीला हाक मारायची, दुखापत आणि बीपी-नाडी बघायची, डॉक्टरांना कळवायचं, पडल्याचा अहवाल लिहायचा. उत्तर क्रमाने द्या, ‘त्सुएर्स्ट’ (आधी), ‘डान’ (मग), ‘त्सुम श्लुस’ (शेवटी). व्याकरण डगमगलं तरी क्रम नीट असला की काम येतं हे दिसतं.

आणि ‘प्रोफिलाक्सं’, म्हणजे आधीच घ्यायची काळजी. डेकुबिटुस (बेडसोअर), थ्रोम्बोसं (शिरेत रक्ताची गुठळी), न्युमोनी (न्यूमोनिया), कोन्ट्राक्टुअर (सांधे आखडणं), श्टुर्त्स (पडणं). प्रत्येकासाठी तीन-तीन उपाय जर्मनमध्ये बोलता आले पाहिजेत. बेडसोअरसाठी किती तासांनी कूस बदलायची याचं उत्तर ‘दोन तासांनी’ असं पुस्तकी देऊ नका. ‘पेशंटप्रमाणे, कातडी बघून ठरवेन’ असं म्हणा, तिकडे आता तसंच शिकवतात.

एक शब्द जपून वापरा. आपण ‘सिस्टर’ म्हणतो म्हणून ‘क्रांकनश्वेस्टर’ तोंडात येतं. पेशंट अजूनही म्हणतात, पण १ जानेवारी २०२० पासूनच्या कायद्याने पदाचं नाव ‘फ्लेगंफाखफ्राउ’ आहे, पुरुषांसाठी ‘फ्लेगंफाखमान’.

अडकल्यावरची पाच वाक्यं

बाकी काही पाठ केलं नाही तरी चालेल, ही पाठ करा. दात घासताना म्हणा.

‘क्योन्टन झी दास बिटं वीडरहोलन?’ पुन्हा सांगाल का?

‘क्योन्टन झी बिटं एत्वास लांगझामर श्प्रेशन?’ थोडं सावकाश बोलाल का?

‘हाबं इश झी रिश्टिश फेरश्टांडन?’ मला बरोबर कळलं का? आणि यापुढे तुम्हाला जे कळलं ते तुमच्या शब्दांत. पाचांत हे सर्वांत मोलाचं.

‘मिअर फेल्ट दास वोर्ट निश्ट आइन.’ मला शब्द सुचत नाहीये. त्यानंतर वस्तूचं वर्णन करा. ‘वॉकर’ आठवत नसेल तर ‘पेशंट धरून चालतो ती गोष्ट’.

‘दास वाइस इश नोख निश्ट.’ हे मला अजून माहीत नाही. यातला ‘नोख’ (अजून) विसरू नका.

पुन्हा विचारणं आपल्याला जड जातं, त्याला कारण आहे. राउंडला मोठ्या डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारलं की काय ऐकावं लागतं हे प्रत्येक नर्सला माहीत आहे. म्हणून आपण ‘हो सर’ म्हणतो आणि बाहेर येऊन मैत्रिणीला विचारतो. ती सवय कॅमेऱ्यासमोरही जात नाही. मानही आपण अशी हलवतो की ‘हो’ की ‘नाही’ हे परक्याला कळत नाही. मी सराव घेते तेव्हा मुद्दाम एक प्रश्न अर्धवट, पुटपुटत विचारते. बहुतेक जणी पहिल्या वेळी ‘या’ म्हणतात.

सराव: शांत खोलीत करू नका

वर्गातल्या मॅडमचं जर्मन स्वच्छ असतं. मुलाखतीतलं तसं नसतं. तिथे बायर्नमधली बाई ‘ग्र्युस गॉट’ने सुरुवात करते, उत्तरेकडचा माणूस ‘मोइन’ने, स्टुटगार्टकडचे शब्दांचे शेवट खातात. सुरुवातीला ‘डॉइच वेल’च्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका, नंतर ज्या भागाची मुलाखत असेल तिथला रेडिओ लावा. स्टुटगार्टसाठी एसव्हेएर, म्युनिकसाठी बेएर, हाम्बुर्गसाठी एनडेएर. स्वयंपाक करताना चालू राहू द्या.

सराव फोनवर, स्पीकर लावून, पंखा चालू ठेवून, बाहेर रिक्षांचा आवाज असताना करा. रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, सगळ्यांनाच नाही ऐकवत. आठवड्यात तीनदा वीस मिनिटं पुरतात.

त्या दिवशी

जर्मनीची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे जुलैत आपले दुपारचे दीड, जानेवारीत अडीच. तुमच्या भागात महावितरणचा देखभालीचा वार कोणता ते बघा आणि मोबाइलचा डेटा वेगळा ठेवा. दहा मिनिटं आधी जोडणी करा. स्क्रीनवरचं नाव पासपोर्टातलं हवं. भाच्याच्या टॅबवरून जोडलं तर ‘छोटा भीम’ नावाने मुलाखत सुरू होते, झालेलं आहे. कपडे साधे, नीटनेटके. गणवेश नको. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या काढा, डोळे वाचताहेत हे लगेच दिसतं.

तुमच्या उत्तरानंतर समोर शांतता पडेल. ते लिहून घेताहेत. ती भरून काढायला बोलत सुटू नका.

लग्न कधी, मूल होणार का, गरोदर आहात का, असले प्रश्न तिथल्या कायद्यात बसत नाहीत. विचारलेच तर ‘ते खासगी आहे’ एवढं पुरे. चर्चच्या संस्थांच्या रुग्णालयात धर्माबद्दल विचारू शकतात.

तुमचे प्रश्न

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ येतंच. ‘नाही, थँक यू’ म्हणू नका. मान्यतेसाठी परीक्षा द्यावी लागेल की तुमच्याकडे पूरक प्रशिक्षण आहे? त्या काळात पद कोणतं, पगार किती? नवीन माणसाला शिकवायला कोणी नेमलेलं असतं का (त्यांना ‘प्राक्सिसआनलायटर’ म्हणतात)? राहायची सोय? नोकरी लवकर सोडली तर पैसे परत मागणारी अट करारात आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. सही झाल्यावर विचारण्यापेक्षा आता विचारा.

आणि मुलाखतीला बसवण्यासाठी कोणी लाख-दोन लाख मागत असेल तर फोन ठेवून द्या. भरतीचा खर्च मालकाने करायचा ही जर्मनीतली ‘फेअर’ भरतीची अट आहे, तसं सरकारमान्य चिन्हही आहे: ‘फेअरं आनव्हेर्बुंग फ्लेगं डॉइचलांड’. एजन्सीकडे ते आहे का विचारा.

लिंक बंद झाली की मोबाइल बाजूला ठेवण्याआधी वहीत उतरवा: काय विचारलं, कुठे अडकलात, कोणता शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची आभाराची ईमेल. माझ्या दुसऱ्या मुलाखतीत पहिल्या वहीतले सात प्रश्न जसेच्या तसे आले. खाटांचाही आला.